खिम्यातील जिवाणू : ते येतात कोठून व त्यांना आवरावे कसे

शेळी-मेंढीपालन हा आपल्या कोरडवाहू भागातील लहान शेतकऱ्याचा मोठा आधार होय. पाऊस लांबला, पीक हातचे गेले, तरी दावणीची दोन-चार बोकडे विकून घरखर्च भागविता येतो. उस्मानाबादी व संगमनेरी शेळी, कोकण कन्याळ शेळी, दख्खनी व माडग्याळ मेंढी यांचे संगोपन कसे करावे, त्यांना चारा कोणता द्यावा, लसी केव्हा टोचाव्यात, याविषयी शेतकऱ्यांना पुष्कळ माहिती मिळू लागली आहे. परंतु जनावर बाजारात विकले की आपले काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. गोठ्यातील लेंड्या व चिखल, कापणाऱ्याचे हात, सुरी, पाणी, दुकानातील ओंडका आणि शेवटी स्वयंपाकघरातील पातेले, या प्रत्येक ठिकाणचे जिवाणू मांसावर आपली खूण ठेवून जातात. या सर्व खुणा जेथे एकत्र मिसळतात, तो पदार्थ म्हणजे खिमा.

खिमा हा चवीचा व पौष्टिक पदार्थ आहे. लहान मुलांना, दात गेलेल्या वृद्धांना तो चावावयास सोपा जातो. नेमक्या याच दोघांना दूषित अन्नाची बाधा लवकर होते व ती त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून किरकोळ बाजारात मिळणाऱ्या खिम्यात कोणकोणते जिवाणू असतात, ते तेथे कसे पोहोचतात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांना कसा आळा घालता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निरोगी जनावराचे मांस मुळात स्वच्छ

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निरोगी जनावराच्या स्नायूंच्या आतील भागात जिवाणू जवळजवळ नसतात. ते असतात कातडीवर, केसांत, खुरांत आणि आतड्यांत. आतड्यातील विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात असते. जनावर कापताना व सोलताना कातडीचा बाहेरचा भाग मांसाला लागला, अथवा आतड्यास सुरीचे टोक लागून त्यातील घाण सांडली, म्हणजे हे जिवाणू मांसाच्या पृष्ठभागावर येतात. त्यानंतर हात, सुरी, फडके, पाणी, तराजू व माशा यांच्याद्वारे त्यांत भर पडत जाते. याचा अर्थ असा की, ताज्या मांसाच्या अखंड तुकड्यावर जे जिवाणू असतात, ते मुख्यतः बाहेरच्या बाजूस असतात. असा तुकडा तव्यावर भाजला किंवा रश्शात शिजविला, तर उष्णता प्रथम बाहेरच्या बाजूस पोहोचते व जिवाणूंचा नाश होतो.

मांस हे जिवाणूंच्या वाढीस अत्यंत अनुकूल असते. त्यात शेकडा ७० ते ७५ भाग पाणी असते, भरपूर प्रथिने असतात, आणि त्याची आम्लता जिवाणूंना रोखण्याइतकी तीव्र नसते. शेतात वाफसा आला असता बी जसे झपाट्याने रुजते, तसेच मांसावर पडलेले जिवाणू रुजतात.

खिमा निराळा का ?

अखंड मांस व खिमा यांतील फरक साध्या हिशेबाने समजेल. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा मांसाचा एक चौकोनी तुकडा घेतला, तर त्याचे वजन सुमारे एक किलो भरेल व त्याच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर होईल. याच तुकड्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे बारीक तुकडे केले, तर ते ८,००० होतील आणि त्यांच्या सर्व बाजूंचे एकूण क्षेत्रफळ १२,००० चौरस सेंटिमीटर भरेल. म्हणजे मांस तेवढेच राहिले, पण हवा, हात आणि जिवाणू यांना उघडा पडलेला पृष्ठभाग वीसपट झाला. खिमा यापेक्षाही बारीक असतो.

दुसरी गोष्ट अशी की, जे जिवाणू केवळ बाहेरच्या बाजूस होते, ते खिमा करताना आतपर्यंत मिसळले जातात. मांसाच्या पेशी फाटून त्यांतील रस बाहेर येतो व तो जिवाणूंस आयते अन्न म्हणून मिळतो. यंत्राच्या घर्षणाने मांस किंचित तापते, तेही त्यांच्या पथ्यावर पडते. तिसरी गोष्ट, खिमा पुष्कळदा एकाच तुकड्याचा नसतो. निरनिराळ्या जनावरांचे उरलेसुरले तुकडे, कडा, छाट एकत्र करून तो केला जातो. त्यांपैकी एकाच जनावराचे मांस दूषित असले, तरी सबंध घाण्यातील खिमा दूषित होतो. एक नासका आंबा अढीतील शेजारच्या आंब्यांना लागतो. खिम्यात तर सगळेच आंबे एकमेकांत कालविलेले असतात.

खिम्यातील जिवाणूंचे प्रकार

खिम्यातील जिवाणूंची मोजदाद प्रयोगशाळेत करण्याची रीत जुनी आहे. ठरावीक वजनाचा खिमा निर्जंतुक पाण्यात घोटून, ते पाणी दर वेळी दहापट याप्रमाणे पातळ करीत नेतात व त्याचा थोडा अंश पोषक माध्यमाच्या थाळीत पसरतात. ठरावीक उष्णतेत थाळी ठेवल्यावर एकेका जिवाणूपासून डोळ्यांना दिसेल एवढी एकेक वसाहत तयार होते. वसाहती मोजल्या की मूळ संख्येचा हिशेब करता येतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ साली घन माध्यमावर जिवाणू वाढविण्याची पद्धत जगापुढे मांडली आणि त्यांचे सहकारी पेट्री यांनी १८८७ साली झाकणाची थाळी तयार केली. ती थाळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या पद्धतीत एक उणीव आहे. जे जिवाणू त्या माध्यमावर वाढू शकत नाहीत, ते मोजणीतून सुटतात. अलीकडे खिम्यातून जिवाणूंचे जनुकद्रव्य वेगळे काढून, त्यातील सर्व जिवाणूंत आढळणारे एक ठरावीक जनुक वाचले जाते. त्या जनुकातील लहानसहान फरकांवरून कोणकोणत्या गणातील जिवाणू हजर आहेत हे कळते. या पद्धतीने पाहिले असता खिम्यात पूर्वी वाटत होते त्याहून कितीतरी अधिक प्रकारचे जिवाणू असल्याचे दिसून आले. मात्र जनुकावरून जिवाणू जिवंत आहे की मेलेला, हे सहसा सांगता येत नाही. म्हणून दोन्ही पद्धती परस्परांस पूरक आहेत.

या तपासण्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ताज्या खिम्यात जिवाणूंचे प्रकार पुष्कळ, पण प्रत्येकाची संख्या बेताची असते. त्यांत मातीतील व पाण्यातील ॲसिनेटोबॅक्टर व सायक्रोबॅक्टर असतात, माणसाच्या व जनावराच्या कातडीवरील स्टॅफिलोकॉकस असतात, आतड्यातील ई. कोलाय व त्याचे भाऊबंद असतात. खिमा जसजसा शिळा होत जातो, तसतसे प्रकार कमी होतात व दोन-चार प्रकारांची संख्या बेसुमार वाढते. पहिल्या पावसानंतर पडीक रानात हरतऱ्हेची तणे उगवतात. परंतु महिना-दीड महिन्याने पाहावे, तर त्यांतील दोन-तीन जोमदार तणांनी बाकीच्यांना दाबून सारे रान व्यापलेले असते. खिम्यातही असेच घडते.

कोणते तण माजेल हे जसे रानाच्या जातीवर व ओलीवर अवलंबून असते, तसे कोणता जिवाणू माजेल हे खिमा कसा ठेवला आहे यावर अवलंबून असते. शीतकपाटात पण हवा लागेल असा खिमा ठेवला, तर स्यूडोमोनास हा जिवाणू वरचढ ठरतो. तो आधी मांसातील साखर संपवितो व मग प्रथिनांच्या घटकांकडे वळतो. तेव्हा कुजका वास सुटतो व हाताला बुळबुळीत लागते. हवा काढून घेतलेल्या पिशवीत खिमा ठेवला, तर दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातील लॅक्टोबॅसिलस व ल्युकोनोस्टॉक वाढतात आणि खिम्यास आंबूस वास येतो. उन्हाळ्यात उघड्या परातीत ठेवलेल्या खिम्यात आतड्यातील जिवाणूंची चलती होते. मांसाच्या एका चौरस सेंटिमीटरवर जिवाणूंची संख्या सुमारे एक कोटीवर गेली की नाकाला वास जाणवतो व दहा कोटींच्या आसपास बुळबुळीतपणा दिसू लागतो.

वासाने फसू नये

वरील बहुतेक जिवाणू मांस नासवितात, पण ते माणसाला क्वचितच आजारी पाडतात. आजारी पाडणारे जिवाणू निराळे असून त्यांची संख्या बहुधा इतकी अल्प असते की त्यांचा वास येत नाही, रंग बदलत नाही, चवही बिघडत नाही. म्हणून "वास येत नाही, अर्थी खिमा चांगला आहे", हा निष्कर्ष धोक्याचा आहे. वास आलेला खिमा टाकून द्यावा हे खरेच. परंतु वास न आलेला खिमाही नीट शिजविल्याखेरीज निर्धोक समजू नये.

या रोगकारक जिवाणूंपैकी सालमोनेला हा शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या यांच्या आतड्यांत राहतो. त्याच्यामुळे ताप, जुलाब व पोटात मुरडा येतो. कॅम्पिलोबॅक्टर हा मुख्यतः कोंबडीच्या मांसातून येतो. कोंबडी स्वतः आजारी दिसत नाही. ई. कोलायचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत, पण काही प्रकार असे विष तयार करतात की रक्ती जुलाब होतात आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यांपैकी ओ १५७ हा प्रकार विशेष कुप्रसिद्ध आहे. तो गायी-म्हशी व शेळ्या-मेंढ्या यांच्या आतड्यांत त्यांना कोणताही त्रास न देता राहतो, आणि शंभराहूनही कमी जिवाणू पोटात गेल्यास माणसाला बाधा होऊ शकते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा माणसाच्या नाकात, हातावरच्या जखमेत व फोडांत असतो. त्याने एकदा विष तयार केले की पदार्थ पुन्हा उकळूनही ते विष नष्ट होत नाही. लिस्टेरिया हा शीतकपाटाच्या थंडाव्यातही वाढतो व गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स याची बीजुके शिजविण्यातूनही वाचतात आणि मोठ्या भांड्यातील कालवण सावकाश निवत असताना झपाट्याने वाढतात.

दोन घटना, दोन धडे

जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन या गावी १८८८ साली एका आजारी गायीचे मांस गावात विकले गेले. ते खाल्लेल्यांपैकी पन्नासहून अधिक माणसे आजारी पडली. ज्याने ते मांस कच्चेच खाल्ले होते, तो माणूस दगावला. गेर्टनर या शास्त्रज्ञाने गायीच्या मांसातून व मृत माणसाच्या अवयवांतून एकच जिवाणू वेगळा काढून दाखविला. तो पुढे सालमोनेला गणातील म्हणून ओळखला गेला. आजारी जनावर कापून त्याचे पैसे करण्याचा मोह माणसाच्या जिवावर कसा बेततो, हे या घटनेने प्रयोगशाळेच्या पुराव्यानिशी सिद्ध झाले.

दुसरी घटना अमेरिकेतील आहे. १९९३ सालच्या प्रारंभी वॉशिंग्टन व पश्चिमेकडील अन्य काही राज्यांत, गोमांसाच्या खिम्याच्या चपट्या वड्या पावात घालून विकणाऱ्या उपाहारगृहांतून ओ १५७ या जिवाणूची बाधा पसरली. सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार मुले मृत्युमुखी पडली. वड्या बाहेरून भाजलेल्या होत्या, पण आत पुरेशी उष्णता पोहोचली नव्हती. काही मुलांनी तो पदार्थ खाल्लाच नव्हता. त्यांना आजारी मुलांच्या संपर्कातून बाधा झाली. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, ज्या खिम्यात हा जिवाणू सापडेल तो खिमा भेसळयुक्त मानला जाईल, असा निर्णय अमेरिकी शासनाने घेतला. तेथील कृषी खात्याचा सल्ला असा आहे की, मांसाचा अखंड तुकडा मध्यभागी ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवला तरी चालतो. परंतु खिमा मध्यभागी ७१ अंशांपर्यंत व कोंबडीचा खिमा ७४ अंशांपर्यंत तापलाच पाहिजे. अखंड तुकडा व खिमा यांच्यातील हा फरक कशामुळे, हे वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी येईलच.

वेळ व उष्णता यांचा हिशेब

आपल्याकडे खिमा कच्चा खाण्याची चाल नाही, रस्सा खदखदून शिजविला जातो. ही आपल्या जमेची बाजू आहे. परंतु आपले हवामान मात्र जिवाणूंच्या बाजूचे आहे. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान जिवाणू वाढतात आणि आपल्या बाजारातील उन्हाळ्याचा दिवस नेमका या पट्ट्याच्या मध्यावर येतो. आषाढात मांसाचा खप वाढतो, तेव्हा हवा दमट असते व माशांचाही सुकाळ असतो.

समजा, सकाळी आठ वाजता केलेल्या खिम्याच्या एका ग्रॅममध्ये १,००० जिवाणू आहेत व त्यांची संख्या दर अर्ध्या तासाने दुप्पट होत आहे. दुपारी बारा वाजता ती २,५६,००० होईल आणि दोन वाजता ४०,९६,००० होईल. प्रत्यक्षात सर्वच जिवाणू इतक्या नियमाने वाढत नाहीत. पण उष्ण हवेत काही याहूनही लवकर दुप्पट होतात. सबब, खिमा करणे व तो शिजविणे यांतील वेळ जितका कमी, तितका धोका कमी. बर्फात किंवा शीतकपाटात ठेवल्याने वाढ मंदावते. गोठविल्याने ती थांबते, पण जिवाणू मरत नाहीत. बर्फ वितळला की ते पुन्हा कामास लागतात.

शेतकऱ्याने काय करावे

खिम्याच्या स्वच्छतेचा आरंभ गोठ्यात होतो. शेळ्यांची बसण्याची जागा उंच व कोरडी असावी, लेंड्या रोज झाडून काढाव्यात, पाण्याचे भांडे विष्ठेने खराब होणार नाही अशा उंचीवर ठेवावे. विक्रीला नेण्याचे जनावर चिखल-शेणाने माखलेले नसावे. ओल्या व मळक्या कातडीवरून मांसावर येणारे जिवाणू कोरड्या, स्वच्छ कातडीपेक्षा पुष्कळ अधिक असतात.

कापण्यापूर्वी सुमारे बारा तास जनावरास चारा देऊ नये, पण पाणी भरपूर द्यावे. त्यामुळे पोट हलके राहते व आतडे फुटून घाण सांडण्याचा संभव कमी होतो. जनावरे गाडीत कोंबून, पाय बांधून, उन्हातून नेऊ नयेत. यात भूतदयेचा प्रश्न तर आहेच, पण मांसाच्या गुणाचाही आहे. विसावलेल्या जनावराच्या स्नायूंत साठविलेली साखर असते. कापल्यानंतर तिचे आम्लात रूपांतर होते व ते आम्ल जिवाणूंना थोडाफार आवर घालते. दमलेल्या, भ्यालेल्या जनावराची ही साखर वाटेतच खर्च होते. त्याचे मांस काळपट, चिकट दिसते व लवकर नासते. शिवाय अशा जनावराच्या विष्ठेतून सालमोनेलासारखे जिवाणूही अधिक प्रमाणात बाहेर पडतात.

आजारी जनावर कापण्यासाठी विकू नये, पशुवैद्यकास दाखवावे. एकाएकी मेलेल्या व नाका-तोंडातून अथवा गुदद्वारातून रक्त आलेल्या जनावरास तर सुरीही लावू नये. ते काळपुळी अथवा फाशी या रोगाने मेलेले असू शकते व त्याची बीजुके जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. अशा जनावराबद्दल ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे.

प्रतिजैविक औषध दिलेले जनावर, औषधावर सांगितलेला मुदतीचा काळ पुरा झाल्यावाचून विकू नये. औषधे अर्धवट अथवा नको तेथे दिल्याने त्यांस न जुमानणारे जिवाणू तयार होतात आणि तेही मांसाबरोबर माणसापर्यंत पोहोचू शकतात. माणसाच्या उपचारात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यास केंद्र शासनाने २०१९ साली बंदी घातली, ती याच कारणासाठी.

कापणाऱ्याने व विक्रेत्याने काय करावे

जनावर जमिनीवर न सोलता टांगून सोलावे. अन्ननलिका व गुदद्वाराकडील आतडे दोऱ्याने बांधून घ्यावे, म्हणजे आतील घाण सांडत नाही. कातडीसाठी एक सुरी व मांसासाठी दुसरी असावी. सुऱ्या मधून मधून ८२ अंश किंवा त्याहून अधिक तापलेल्या पाण्यात बुडवून काढाव्यात. धुण्यासाठी पिण्यायोग्य पाणीच वापरावे. विहिरीचे अथवा साठविलेले अशुद्ध पाणी मांसावर ओतणे म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली जिवाणू पेरणे होय. ज्याच्या हातावर जखम वा फोड आहे, अथवा ज्यास जुलाब होत आहेत, त्याने मांसाला हात लावू नये.

लाकडी ओंडक्याकडे विशेष लक्ष पुरवावे. चिंचेचा ओंडका कितीही घट्ट असला, तरी सत्तुराच्या घावांनी त्याला भेगा पडतात व त्यांत मांसाचे कण अडकून राहतात. दुकान बंद करताना तो खरवडून, कढत पाण्याने घासून कोरडा करावा. फार भेगाळलेला ओंडका तासून घ्यावा किंवा बदलावा. खिम्याच्या यंत्राचे सर्व भाग दररोज सुटे करून धुवावेत व उकळत्या पाण्यातून काढावेत. यंत्राच्या नळीत राहिलेला कालचा खिमा आजच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातो, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात येते ?

खिमा अगोदर करून परातीत मांडून ठेवू नये. मागणी येईल तेव्हा ताज्या तुकड्याचा करून द्यावा. काल उरलेले तुकडे आजच्या खिम्यात मिसळू नयेत. कोंबडीसाठी व मटणासाठी ओंडका व सुरी निरनिराळी ठेवावी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे मांसविक्रेत्याने नोंदणी अथवा परवाना घेणे आवश्यक आहे. कायद्याचे बंधन म्हणून तर हे करावेच, परंतु स्वच्छ दुकानाकडे गिऱ्हाईक आपण होऊन वळते, हा व्यवहारही विसरू नये.

घरी घ्यावयाची काळजी

खिमा घेताना मांसाचा ताजा तुकडा आपण निवडावा व डोळ्यांसमोर त्याचा खिमा करून घ्यावा. बाजारातील इतर सर्व खरेदी आटोपून मटण शेवटी घ्यावे व थेट घरी यावे. त्याच दिवशी शिजवावे. ते शक्य नसेल, तर शीतकपाटात ४ अंशांच्या आसपास ठेवून दुसऱ्या दिवशी तरी शिजवावेच. कच्च्या खिम्याचे भांडे झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर ठिबकत नाही.

खिमा वारंवार धुतल्याने जिवाणू जात नाहीत. ते आतपर्यंत मिसळलेले असतात. उलट धुण्याचे पाणी उडून शेजारच्या कोथिंबिरीवर, भांड्यांवर पसरते. हळद, मीठ, दही लावल्याने वाढ थोडी मंदावते, पण तेवढ्यावर विसंबू नये. ज्या विळीवर किंवा पाटावर मटण कापले, ती विळी साबणाने व गरम पाण्याने धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नये. कच्च्या मांसास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

रश्शातील खिमा चांगला उकळला की धोका उरत नाही. जपावयाचे असते ते कबाब, वड्या व सारण भरलेले पदार्थ यांना. हे बाहेरून खरपूस होतात, पण आत कच्चे राहू शकतात. ते लहान व पातळ करावेत, मंद आचेवर आतपर्यंत शिजू द्यावेत, आणि एक मोडून पाहिल्यावाचून मुलांच्या ताटात वाढू नयेत. नुसत्या रंगावरही सर्वस्वी विसंबू नये. आतील खिमा हाताला चटका बसेल इतका कढत लागला पाहिजे.

शिजलेला खिमा दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. यात्रेच्या अथवा लग्नाच्या पंगतीसाठी मोठ्या हंड्यात केलेले मटण रात्रभर तसेच ठेवून सकाळी कोमट करून वाढणे फार घातक आहे. हंड्याच्या मध्यभागी ते तासन्‌तास कोमट राहते व तेथेच जिवाणूंची पैदास होते. उरलेले कालवण पसरट भांड्यांत ओतून लवकर निववावे, थंड जागी ठेवावे व पुन्हा वाढण्यापूर्वी खळखळून उकळावे.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ भाषणापुरता ठेवू नये. आठवडे बाजाराच्या दिवशी मांसाच्या दुकानांपाशी स्वच्छ पाण्याची व सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय आहे काय, टाकाऊ भाग उघड्यावर पडून कुत्री-माशा जमतात काय, हे पाहून ग्रामपंचायतीपुढे मांडावे. खाटीक बंधूंना दोष देत बसण्यापेक्षा त्यांना बरोबर घ्यावे. सुरी धरण्याचे त्यांचे कसब पिढ्यानपिढ्यांचे आहे, त्यास कढत पाणी, टांगण्याची जागा व जाळीचे कपाट यांची जोड मिळवून द्यावी. महिला मंडळांच्या व बचत गटांच्या बैठकीत वर दिलेला वेळेचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. हजाराचे चाळीस लाख कसे होतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की ते विसरले जात नाही. एकाच पंगतीत जेवलेल्या अनेकांना जुलाब-उलट्या झाल्याचे कळताच प्राथमिक आरोग्य केंद्रास वर्दी द्यावी व उरलेले अन्न तपासणीसाठी राखून ठेवावे. मुलाच्या जुलाबात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

खिम्यातील प्रत्येक जिवाणू कोणत्या ना कोणत्या हाताकडे बोट दाखवितो. आतड्यातील जिवाणू कापणाऱ्याची घाई सांगतो, कातडीवरचा मळक्या गोठ्याची वा न धुतलेल्या हातांची गोष्ट सांगतो, थंडीत माजलेला जिवाणू शिळेपणाची साक्ष देतो. एकाच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही, कारण खिम्यात सर्वांचे सर्व मिसळले जाते. शेतकऱ्याने कोरडे व निरोगी जनावर द्यावे, विक्रेत्याने स्वच्छ सुरीने ताजा खिमा करून द्यावा, घरच्यांनी तो त्याच दिवशी आतपर्यंत शिजवावा. यांतील एकाही कामास मोठा खर्च लागत नाही. एवढे झाले, तर शेतकऱ्याच्या बोकडाला बाजारात मान राहील आणि त्याच बाजारातून आणलेला घास मुलाच्या मुखी घालताना आईच्या मनात शंका उरणार नाही.